ओव्हरटेक वाढले, मग झुंजी कुठे गेल्या?

पिटवॉल_नागपूर

परवा रविवारी फॉर्म्युला वनची शर्यत संपल्यावर आमच्या त्रिमूर्तीनगरच्या घरी मोठा वाद झाला. तिथे सहा जण एकदम बोलत होते, त्यामुळे मला नीट मांडता आलं नाही. म्हणून हा धागा.

एका मित्राचं म्हणणं असं की २०११ मध्ये डीआरएस (मागच्या गाडीला सरळ पट्ट्यावर मागचा पंख उघडून जादा वेग घेऊ देणारी सोय) आल्यापासून फॉर्म्युला वनमध्ये जितके ओव्हरटेक होतात, तितके त्याआधीच्या पंधरा वर्षांत होत नव्हते. मग जुन्या काळाच्या नावाने गळे कशाला काढायचे? आकडे मला मान्य आहेत. पण मला हवी असते झुंज, आणि ती त्या आकड्यांत कुठेच मोजली जात नाही.

१ जुलै १९७९ ची दिजाँची फ्रेंच ग्रां प्री ज्यांनी पाहिली असेल त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. ती शर्यत जिंकली रेनोच्या जाब्वीने. टर्बो इंजिनाचा तो पहिलाच विजय, म्हणजे इतिहासच. पण लोकांच्या डोळ्यांपुढे आहे ती दुसऱ्या नंबरची लढत. जील व्हिलनव्हची फेरारी आणि रेने आर्नूची रेनो. शेवटच्या काही लॅपमध्ये चाकाला चाक घासलं, एकदा हा ट्रॅकबाहेर, एकदा तो. एक पुढे गेला की पुढच्याच वळणावर दुसरा परत पुढे. शेवटी व्हिलनव्ह साधारण पाव सेकंदाने दुसरा आला. त्याचे टायर गेलेले होते, आर्नूचं इंजिन इंधनासाठी अडखळत होतं. दोघांकडेही पळून जाण्याइतकी ताकद उरलेली नव्हती आणि दोघांनाही एकमेकांच्या अगदी जवळ राहता येत होतं. माझ्या मते सगळी गोम या शेवटच्या वाक्यात आहे.

डीआरएसच्या काळातला, म्हणजे २०२५ पर्यंतचा, ओव्हरटेक कसा दिसायचा? मागची गाडी एका सेकंदाच्या आत आली. सरळ पट्टा आला. मागच्याला पंखाचं पातं उघडायची परवानगी मिळाली, त्याला दहा-पंधरा किलोमीटरचा जादा वेग मिळाला, आणि ब्रेकची खूण यायच्या आधीच तो पुढे निघून गेला. पुढचा चालक अडवायचाही नाही, कारण उपयोग नाही हे त्याला माहीत असायचं. वर्धा रोडवर कार ट्रॅक्टरला ओलांडते तसं. यादीत त्याची नोंद एक ओव्हरटेक म्हणून व्हायची. दिजाँमधल्या प्रत्येक ओव्हरटेकचीही तशीच एक नोंद.

कारणांमध्ये मी हवेला पहिला नंबर देतो. आजची गाडी वळण घेते ती हवेच्या दाबावर. पुढचा पंख, मागचा पंख आणि तळ मिळून गाडीला रस्त्यावर दाबून धरतात. यालाच डाउनफोर्स म्हणतात, आणि तो वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. पण हे सगळं हवा शांत असेल तरच. पुढची गाडी हवा फाडून, घुसळून मागे टाकते. त्या घुसळलेल्या हवेत मागच्या गाडीचे पंख उपाशी राहतात. २०२२ चे नियम आणताना फॉर्म्युला वनने स्वतःच जे आकडे दिले, त्यांनुसार आधीच्या पिढीची गाडी वीस मीटर मागे असताना सुमारे ३५ टक्के डाउनफोर्स गमावत होती आणि दहा मीटरवर जवळपास निम्मा. निम्मा दाब गेला तर वळणात कोण कोणाच्या जवळ राहणार? आणि वळणात जवळ राहता आलं नाही, तर सरळ पट्ट्यावर काठी दिल्याशिवाय पुढे कसा जाणार? डीआरएस ही ती काठी होती.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. विरोधी मत तर जरूर लिहा.

अंबाझरी_सायकल

धागा आवडला. पण एक शंका आहे, आणि ती अगदी मनापासूनची आहे. आमचा सायकलचा ग्रुप पहाटे अमरावती रोडला जातो. समोरून वारा असला की आम्ही एकामागे एक, चाकाला चाक लावून चालवतो. मागच्याला इतकं हलकं वाटतं की पायडल मारायला लागू नये. मग गाडीच्या मागे राहणं अवघड कसं? मला तर ते फायद्याचंच वाटायला हवं.

पिटवॉल_नागपूर

शंका रास्त आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, गोंधळ तिथेच होतो. सरळ पट्ट्यावर पुढची गाडी तुमच्यासाठी हवा बाजूला करते, तुमचा अडथळा कमी होतो, वेग वाढतो. हीच स्लिपस्ट्रीम, तुमच्या सायकलसारखी. पण सायकलला डाउनफोर्स लागत नाही. तुमची पकड तुमच्या वजनावर आहे, आणि ते वजन दुसऱ्याच्या मागे गेल्याने कमी होत नाही. फॉर्म्युला वनच्या गाडीची वेगवान वळणातली बरीचशी पकड हवेतूनच येते. हवा काढून घेतली की पुढची चाकं सरकतात, स्टिअरिंग फिरवूनही नाक आत येत नाही.

म्हणजे तीच हवा सरळ पट्ट्यावर मदत करते आणि वळणात घात करते. आणि सरळ पट्ट्याआधी नेहमी एक वळण असतंच. त्या वळणात मागे पडलात तर स्लिपस्ट्रीम मिळायच्या अंतरात तुम्ही नसताच.

इटलीतल्या मोंझाची १९७१ ची शर्यत शोधून बघा. पंख अगदी माफक, ट्रॅकला चिकेन (वेग कमी करायला लावणारी नागमोडी वळणं) नाहीत, नुसते लांब पट्टे आणि मोठी वळणं. शेवटी पहिल्या पाच गाड्या ०.६१ सेकंदात आल्या. पीटर गेथिन रॉनी पीटरसनच्या पुढे ०.०१ सेकंदाने जिंकला. तुमच्या सायकल ग्रुपसारखीच ती शर्यत होती. पुढच्याच वर्षी तिथे चिकेन टाकले, कारण तो वेग फार धोक्याचा झाला होता, आणि तो निर्णय मला चुकीचा म्हणवत नाही.

कामठीरोडवाला

मी काही इंजिनिअर नाही भाऊ, पण हे हवेचं मले पटलं. पंधरा वर्षं झाली मी रोज कामठीवरून दुचाकीनं येऊन राहिलो. मोठ्या ट्रकच्या मागं लागलं की आधी गाडी अशी ओढल्यासारखी होते, वाटते की आपली गाडी आज भल्ली पळून राहिली. अन् थोडंसं बाजूले झालं की हँडल थरथर कापते. समोरची हवा एका बाजूनं धक्का मारते, दुसऱ्या बाजूनं ओढते. एकदा त मी कडेच्या मातीत उतरलो होतो, हातपाय शाबूत राहिले हे नशीब. तवापासून ट्रकच्या मागं जवळ राहत नाही.

मंग हे पोट्टे तीनशेच्या वेगानं त्याच हवेत वळण घेतात, त त्याइले मानलंच पाह्यजे. मी शर्यत पाहतो ती त्याच्यासाठीच.

सदरची_वाचक

हवेचा मुद्दा बरोबर आहे, पण या चर्चेत एक साधी गोष्ट नेहमी निसटते, ती आधी नोंदवते. शनिवारी पात्रता फेरीत आपण गाड्यांना वेगाच्या क्रमाने उभं करतो. सगळ्यात वेगवान पुढे, त्याच्या मागे त्याहून थोडी हळू, तिच्या मागे आणखी हळू. मग रविवारी अपेक्षा करतो की मागच्यांनी पुढच्यांना ओलांडावं. का ओलांडावं? त्या हळू आहेत म्हणून तर मागे आहेत!

काहीतरी बिघडलं तरच हा क्रम मोडतो. पाऊस, टायरमधला फरक, चुकलेला पिट स्टॉप (टायर बदलायला थांबणं), सुरुवातीचा गोंधळ. पूर्वी बिघडण्यासारखं खूप होतं. इंजिनं उडायची, गिअरबॉक्स तुटायचे. चालक हाताने गिअर टाकायचा आणि एखादा गिअर चुकला की मागचा लगेच शेजारी यायचा. १९८९ मध्ये फेरारीने स्टिअरिंगमागच्या पॅडलने बदलणारे गिअर आणले, मॅन्सेलने त्या गाडीने पहिलीच शर्यत ब्राझीलमध्ये जिंकली, आणि काही वर्षांत सगळ्यांकडे तेच आलं. गिअर चुकणं हा प्रकारच जवळजवळ संपला.

आजच्या गाड्या फारशा बंद पडत नाहीत, चालक फारसे चुकत नाहीत, आणि चुकले तरी ट्रॅकबाहेरच्या डांबरी मोकळ्या जागेवरून (रनऑफ) परत येतात. इंजिनिअरला दर लॅपला प्रत्येक टायरचं तापमान कळतं. हे सगळं कौतुकाचंच आहे. पण चूक कमी झाली की मागच्याची संधीही कमी होते. हे हवेइतकंच मोठं कारण आहे असं माझं ठाम मत आहे.

मोनॅको २०२४ आठवा. पहिल्या दहा गाड्या ज्या क्रमाने उभ्या होत्या त्याच क्रमाने पोचल्या. फॉर्म्युला वनच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. सुरुवातीच्या अपघाताने शर्यत थांबली, त्या वेळातच टायर बदलून झाले, आणि मग कोणाला काही करायचं कारणच उरलं नाही. पुढच्या वर्षी तिथे दोन टायर बदल सक्तीचे केले गेले, ते याच कारणाने.

पिटवॉल_नागपूर

ताई, क्रमाचा मुद्दा मी खरंच विसरलो होतो. मान्य. पण मग बघा, गाडी खराखुरा एक सेकंद वेगवान असूनही अडकते, त्याचं काय? अबुधाबी २०१० आठवा. अलोन्सो जगज्जेतेपदाच्या दारात, आणि जवळजवळ सगळी शर्यत व्हिताली पेत्रोव्हच्या मागे. पिटची वेळ चुकली, पेत्रोव्हच्या मागे बाहेर आला, आणि तिथेच राहिला. जगज्जेता झाला फेटेल. त्याच्या पुढच्याच मोसमात डीआरएस आलं.

मेकॅनिकल_०९

मी कॉलेजात असताना आमची फॉर्म्युला स्टुडंटची, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बांधायच्या स्पर्धेची, टीम होती. गाडी कोइंबतूरला कारी स्पीडवेवर नेली होती. पंखाचं काम माझ्याकडे होतं, म्हणून थोडं तपशिलात लिहितो. लांबेल.

पुढचा पंख हा गाडीचा सगळ्यात कळीचा भाग आहे, कारण हवेला तो पहिला भेटतो. त्याच्या मागे फिरतं चाक आहे, आणि चाक हवेची फार वाट लावते. ती घाण हवा तळाखाली शिरली तर स्वतःच्याच गाडीचा डाउनफोर्स जातो. म्हणून प्रत्येक संघ काय करतो? पुढच्या पंखाच्या टोकांनी, बाजूच्या पात्यांनी ती हवा गाडीपासून लांब, बाहेरच्या बाजूला फेकतो. याला आउटवॉश म्हणतात. स्वतःचं अंगण झाडून केर शेजाऱ्याच्या दारात टाकायचा. मागून येणाऱ्या गाडीला तो रुंद पसरलेला केर चुकवता येत नाही.

यात कोणाचा कट नाही. संघाचं काम स्वतःची गाडी वेगवान करणं हे आहे, आणि मागच्याला त्रास झाला तर तो वर मिळालेला फायदा. म्हणूनच नियम बदलले तरी दोन-तीन वर्षांत परिस्थिती पुन्हा पूर्वपदाला येते. २००९ मध्ये अभ्यास करून नियम बदलले होते. पुढचा पंख रुंद, मागचा अरुंद आणि उंच, खाचांचे टायर जाऊन गुळगुळीत टायर परत आले. पण त्याच वर्षी ब्रॉन, टोयोटा आणि विल्यम्स दुहेरी डिफ्यूझर (तळाच्या मागच्या टोकाचा, हवा बाहेर सोडून दाब वाढवणारा भाग) घेऊन आले, बाकीच्यांनी तो उचलला, आणि जो डाउनफोर्स कापायचा होता तो मागच्या दाराने परत आला.

२०२२ चा प्रयत्न मला मनापासून आवडला होता. डाउनफोर्स पंखाऐवजी तळातल्या बोगद्यांतून घ्यायचा. तळातून घेतलेला दाब मागच्या गाडीला कमी छळतो. शिवाय घुसळलेली हवा वर उचलून मागच्या गाडीच्या डोक्यावरून जाऊ द्यायची. अधिकृत आकडा असा होता की नव्या गाडीचा तोटा दहा मीटरवर सुमारे १८ टक्के आणि वीस मीटरवर फक्त ४ टक्के. त्या वर्षीची बहरीनची लक्लेर आणि वर्स्टापेनची लढत बघा. एक ओलांडतो, पुढच्याच वळणाला दुसरा परत घेतो, असं लागोपाठ काही लॅप. आणि सिल्व्हरस्टोनच्या शेवटच्या लॅपमधले हॅमिल्टन, पेरेझ, लक्लेर. ते पाहताना मी खुर्चीवर बसू शकलो नव्हतो.

मग संघांनी पुन्हा हवा बाहेर फेकायच्या वाटा शोधल्या. २०२४-२५ पर्यंत चालक परत तीच तक्रार करू लागले की पुढच्याच्या दोन सेकंद जवळ गेलं की गाडी सरकते.

आता टायर. पिटवॉलदादांच्या पहिल्या पोस्टमध्ये हे राहिलं आहे, आणि माझ्या मते झुंज मरते ती इथे. डाउनफोर्स कमी झाला की गाडी घसरते. घसरली की टायरचा वरचा थर तापतो. तापला की पकड आणखी कमी, म्हणून आणखी घसरते. हे चक्र एकदा सुरू झालं की दोन लॅपमध्ये टायर हाताबाहेर जातात. म्हणून रेडिओवर सांगतात, दोन सेकंद मागे रहा, टायर थंड कर. चालक जिवाच्या आकांताने जवळ येतो, एक प्रयत्न करतो, तो फसला की पाच लॅप मागे राहून टायर सांभाळतो. व्हिलनव्ह आणि आर्नूला कोणी असं मागे थांबायला सांगितलं असतं तर दिजाँ घडलंच नसतं. झुंजीला लागोपाठ पाच-सहा लॅप लागतात. आजचे टायर ते करू देत नाहीत.

कामठीरोडवाला

अंगण झाडून केर शेजाऱ्याच्या दारात! हे आता ध्यानात राहीन.

बुद्ध_२०११

मी २०११ ला दोन मित्रांसोबत नागपूरहून रेल्वेने दिल्लीला गेलो होतो, ग्रेटर नोएडाच्या पहिल्या इंडियन ग्रां प्रीला. तिकिटासाठी सहा महिने पैसे साठवले होते. टीव्हीवर कधीच कळत नाही अशी एक गोष्ट तिथे कळली, ती म्हणजे ब्रेक.

गाडी तीनशेच्या पुढच्या वेगाने येते. तुम्हाला वाटतं की ही आता थांबूच शकत नाही. आणि मग डोळ्याची पापणी लवते न लवते तोच ती वळणात असते. कार्बनचे ब्रेक आणि तो डाउनफोर्स मिळून सगळं ब्रेकिंग शंभर-सव्वाशे मीटरमध्ये उरकतं. जुन्या लोखंडी ब्रेकच्या काळात हेच अंतर कितीतरी लांब होतं, आणि ओव्हरटेक तिथेच व्हायचा. एक चालक थोडा आधी ब्रेक लावायचा, दुसरा छाती करून थोडा उशिरा. अंतर लांब असेल तर त्या छातीला किंमत. अंतर आखूड झालं की दोघांमधला फरक एक-दोन मीटरचा उरतो. दोन मीटरमध्ये साडेपाच मीटरची गाडी शेजारी कशी लावणार?

गाड्यांचा आकारही बघा. १९९८ पासून २०१६ पर्यंत रुंदी १८०० मिलिमीटर होती, २०१७ ला २००० केली. वजन २००८ च्या सुमारास चालकासकट ६०५ किलो, २०२५ ला ८०० किलो. त्यात हायब्रिड यंत्रणा आली, सुरक्षेसाठी हॅलो (चालकाच्या डोक्याभोवतीची कमान) आला, आणि हॅलोबद्दल माझी एका शब्दाचीही तक्रार नाही, त्याने जीव वाचवले आहेत. पण मोनॅकोचे रस्ते होते तेवढेच आहेत. इतवारीच्या गल्लीत पूर्वी दोन सायकलरिक्षा शेजारून जायच्या, आता दोन एसयूव्ही समोरासमोर आल्या की एकीला मागे घ्यावी लागते, तसं झालं आहे.

आणि ट्रॅक. बुद्ध सर्किट बांधताना तिसऱ्या वळणाआधी रस्ता मुद्दाम रुंद केला होता, की दोन-तीन वेगळ्या रेषांनी आत शिरता यावं, आणि त्यापुढे एक किलोमीटरच्या वर सरळ पट्टा. कल्पना उत्तम. पण फेटेल पहिल्या नंबरवरून सुटला आणि पहिलाच आला. तीनही वर्षं तोच जिंकला. माझ्या लक्षात राहिली ती मागची मासा आणि हॅमिल्टनची लढत, जी टक्करीत संपली. आमच्या स्टँडमध्ये शेजारी बसलेले काका फॉर्म्युला वन पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी विचारलं, "पहिला इतका पुढे आहे तर बघायचं काय?" मी त्यांना मधल्या गाड्या दाखवल्या. शर्यत संपेपर्यंत ते मधल्याच गाड्यांकडे बघत होते.

अंबाझरी_सायकल

एक हिशेब करून पाहिला, बरोबर आहे का सांगा. एक सेकंदाचं अंतर तीनशेच्या वेगाला ८३ मीटर होतं. तेच एक सेकंद नव्वदच्या वळणात २५ मीटर. म्हणजे टीव्हीवर हळू वळणात गाड्या चिकटलेल्या दिसतात आणि मला वाटतं आता ओलांडणार, पण वळण संपून पुढचा आधी गॅस देतो आणि ते अंतर पुन्हा ताणलं जातं?

मेकॅनिकल_०९

अगदी बरोबर. रबरासारखं ताणतं आणि आक्रसतं. म्हणूनच चांगला बचाव करणारा चालक पट्ट्याआधीच्या वळणात हळू आत जातो, मागच्याला दाबून ठेवतो आणि बाहेर पडताना सगळ्यात आधी गॅस देतो. ही खरी विद्या आहे.

धुरकरी

माझं गाव भंडारा जिल्ह्यातलं. आजोबा शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, जोडी ठेवायचे. मोटारींचं मला फार कळत नाही, पण मुलामुळे बघायला लागलो. वर कोणी क्रमाचं लिहिलं ते वाचून लिहावंसं वाटलं.

पटात जोडी सरळ पळते, काही सेकंदांत निकाल. तिथे कोणी कोणाला मागून ओलांडत नाही, तरी हजारो लोक श्वास धरून उभे असतात. कारण सुटल्यापासून शेवटपर्यंत काय होईल ते माहीत नसतं. बैल बिचकू शकतो, धुरकऱ्याचा हात चुकू शकतो. २०१४ ला बंदी आली तेव्हा आजोबा खूप खचले होते. २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी कायम केली ते पाहायला ते नव्हते.

मला वाटतं माणूस ओव्हरटेक मोजायला जात नाही. निकाल अजून लागलेला नाही, हे पाहायला जातो.

तिसरं_वळण

धुरकरीभाऊंच्या पोस्टला मनापासून नमस्कार. तोच धागा पकडून मी धागाकर्त्यांच्या विरोधात लिहितो.

इमोला २००५. अलोन्सो पुढे, मायकेल शुमाकर मागे. शेवटच्या डझनभर लॅप शुमाकर इतका जवळ की फेरारीचं नाक रेनोच्या आरशात मावत नव्हतं. शुमाकर उघड उघड वेगवान. ओव्हरटेक किती झाले? शून्य. अलोन्सो ०.२ सेकंदाने जिंकला. ही झुंज नव्हती का? आणि ओलांडणं अवघड होतं म्हणूनच तर ती झाली ना? तिथे डीआरएस असतं तर शुमाकर पहिल्याच लॅपमध्ये निघून गेला असता आणि आज कोणाला आठवलंही नसतं.

तसंच मोनॅको १९९२. मॅन्सेल नवे टायर घेऊन कितीतरी वेगाने आला, आणि सेनाने त्याला शेवटपर्यंत जागा दिली नाही. हंगेरी १९९०, बुट्सेनच्या मागे सेना, फरक ०.३ सेकंदाहून कमी. हंगेरी २०२१, अलोन्सोने हॅमिल्टनला दहाएक लॅप रोखलं आणि त्यामुळे ओकोन जिंकला. यातली बहुतेक उदाहरणं ओव्हरटेक न झाल्याची आहेत. म्हणजे ओलांडणं अवघड असणं हा दोष मानायचा की नाही, ते आधी ठरवा.

पिटवॉल_नागपूर

यावर मी दिवसभर विचार केला. ऑफिसमधून येताना लक्ष्मीनगर चौकात सिग्नलला थांबलो तरी तेच डोक्यात.

तुमचं म्हणणं मी मान्य करतो, आणि माझं म्हणणं दुरुस्त करतो. ओलांडणं अवघडच असावं. सोपं झालं की त्याची किंमत जाते, डीआरएसबद्दल माझीही तीच तक्रार होती. पण तुम्ही दिलेल्या प्रत्येक उदाहरणात मागचा जवळ होता. शुमाकर बारा लॅप जवळ होता. मॅन्सेल आरशात होता. हॅमिल्टन प्रत्येक वळणात वेगळी रेषा शोधत होता. पुढच्याला प्रत्येक वळणात पुन्हा उत्तर द्यावं लागत होतं. अबुधाबीतही ओव्हरटेक शून्य, पण ती कोणी झुंज म्हणून पुन्हा बघत नाही, कारण अलोन्सो पेत्रोव्हवर धड वार करण्याइतका जवळ जाऊच शकत नव्हता.

म्हणजे जवळ राहणं सोपं हवं आणि ओलांडणं अवघड. डीआरएसच्या काळात बऱ्याच शर्यतींत उलटं झालं होतं. जवळ राहणं अवघड, आणि कसंबसं एका सेकंदात पोचलात की ओलांडणं सोपं.

सदरची_वाचक

ही मांडणी पटली. यात एक भर. सगळ्यात सुंदर झुंजी बऱ्याचदा सारख्या गाड्यांत होतात. बहरीन २०१४ मध्ये हॅमिल्टन आणि रोझबर्ग एकाच मर्सिडीजमध्ये होते, फक्त शेवटी टायर वेगळे, आणि दोघांना लढू दिलं. वेगातला फरक इतका थोडा की ओलांडणाऱ्याला लगेच परत उत्तर मिळायचं.

म्हणूनच कार्टिंगमध्ये लहान मुलं इतकी छान लढतात. पंख नाहीत, गाड्या सारख्या, सगळं हातात. माझी भाची शिकते. एका लॅपमध्ये तीन वेळा जागा बदललेली मी पाहिली आहे.

तिसरं_वळण

मोटोजीपीकडेही बघा. दुचाक्यांना पंख नव्हते तेव्हा शेवटच्या वळणापर्यंत चार-पाच जण एकत्र असायचे. गेल्या दहा वर्षांत तिथेही पंख आले, आणि आता तिथले चालकही तेच बोलतात की मागे राहिलं की पुढचा टायर तापतो, त्यातल्या हवेचा दाब वाढतो, ब्रेक लावता येत नाही. २०२७ पासून तिथे इंजिन ८५० सीसीचं होतंय, पंख छोटे होताहेत, गाडीची उंची खाली-वर करणारी यंत्रणा बंद होतेय. म्हणजे रोगाचं निदान तिथेही तेच झालं.

कामठीरोडवाला

मंग २०२६ च्या नव्या गाड्यांचं काय? त्याच्यात काही औषध हाये का?

मेकॅनिकल_०९

नियमांपुरतं सांगतो. डीआरएस गेलं. पुढचे आणि मागचे पंख आता सगळ्यांनाच ठरलेल्या सरळ पट्ट्यांवर सपाट करता येतात, फक्त मागच्याला नाही. त्याऐवजी एक सेकंदाच्या आत असलेल्याला विजेची जादा ताकद मिळते. गाडी १० सेंटिमीटरने अरुंद, चाकांमधलं अंतर २० सेंटिमीटरने कमी, किमान वजन ७६८ किलो. इंजिनाची जवळपास निम्मी ताकद विजेची.

मला यातली एक गोष्ट आशेची वाटते. वीज खर्च केली की पुन्हा साठवावी लागते. म्हणजे ज्याने ओलांडायला वीज ओतली तो पुढच्या पट्ट्यावर उघडा पडतो, आणि मागचा परत येऊ शकतो. डीआरएसमध्ये ही किंमत मोजावी लागत नव्हती. एक गोष्ट काळजीची वाटते. चालक मनाने लढतो की बॅटरीचा हिशेब लढतो, हे बाहेरून ओळखता येईल का? फॉर्म्युला ईमध्ये, म्हणजे विजेच्या गाड्यांच्या ज्या मालिकेची शर्यत हैदराबादला २०२३ ला झाली तिच्यात, पुढे राहिल्याने वीज जास्त जाते म्हणून चालक मुद्दाम मागे राहतात. जागा खूप बदलतात. पण त्यातली प्रत्येक बदललेली जागा माझ्या मनाला भिडत नाही.

आणि संघांतले शेकडो हुशार लोक केर बाहेर फेकायची नवी वाट शोधणारच. ते मी स्वतः केलं आहे, त्यामुळे ठामपणे सांगू शकतो.

बुद्ध_२०११

मग शेवटी काय ठरलं? परवाच्या वादात जो मित्र होता, त्याला हा धागा दाखवला का?

पिटवॉल_नागपूर

दाखवला. तो म्हणाला, "आधी मला दिजाँ दाखव, मग बोलू." त्याने ती शर्यत पाहिलेलीच नाही! त्यामुळे शनिवारी संध्याकाळी साडेसातला घरी बघायची ठरवली आहे. तर्री-पोह्याची सोय माझ्याकडे. बुद्ध_२०११, तुमचे तेव्हाचे फोटो असतील तर आणा. धुरकरीभाऊ, मुलाला घेऊन या.

धुरकरी

येतो. मुलाने विचारलंय, शेवटच्या लॅप दोनदा बघायला मिळतील का.

तिसरं_वळण

मिळतील. आणि इमोला २००५ मी घेऊन येतोय.